२०२४ मध्ये विमान अपघातांत नेमके किती जण गेले? बेरीज जुळत नाहीये

त्रैराशिक (धागाकर्ता)

मंडळी, एक साधी बेरीज अडली आहे, जरा मदत करा.

विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा दरवर्षी सुरक्षा अहवाल काढते. २०२४ चा अहवाल सांगतो: उड्डाणं ४ कोटी ६ लाख, जीवघेणे अपघात ७, विमानातल्या माणसांचे मृत्यू २४४. मला असले आकडे वहीत टिपून ठेवायची खोड आहे. बातम्या वाचून केलेली माझी यादी होतीच, ती शेजारी ठेवली.

मुआन, दक्षिण कोरिया, जेजू एअर, २९ डिसेंबर: १७९
विन्येदो, ब्राझील, व्होएपास, ९ ऑगस्ट: ६२
अक्ताउ, कझाकस्तान, अझरबैजान एअरलाइन्स, २५ डिसेंबर: ३८
काठमांडू, सौर्य एअरलाइन्स, २४ जुलै: १८

चार ओळींची बेरीज २९७. म्हटलं आपलंच काही चुकलं असेल, पुन्हा केली. पुन्हा २९७. पहिल्या दोन ओळींतच २४१ होतात, म्हणजे २४४ मध्ये जागा उरते तिघांची. अक्ताउचे ३८ तिथे मावत नाहीत, काठमांडूचे १८ही मावत नाहीत.

मग ही ५६ माणसं गेली कुठे?

आळशी_मांजर

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

जुनाट_रेडिओ

त्रैराशिकराव, बेरीज तुमची बरोबर आहे आणि त्यांचीही. फरक आहे तो कोणाला धरायचे आणि कोणाला नाही, यात. आयुष्य विमानांच्या देखभालीत गेले, त्यामुळे हे कागद बरेच हाताळले आहेत.

अक्ताउचे विमान मुळात ग्रोझ्नीला निघाले होते. तिथे रशियन हवाई संरक्षणाच्या माऱ्यात सापडले, तशाच अवस्थेत कॅस्पियन ओलांडून पलीकडे आले आणि उतरता उतरता कोसळले. ६७ पैकी ३८ गेले. आयाटाच्या हिशेबी हा अपघात नव्हे, संघर्षक्षेत्रातली घटना. तिचा उल्लेख होतो, पण वेगळ्या जागी. काठमांडूचे विमान देखभालीसाठी पोखऱ्याला चालले होते. आत मुख्यतः कंपनीचीच माणसे, तिकीट काढून बसलेला कोणी नाही. असली उड्डाणे व्यावसायिक खात्यात मांडत नाहीत.

बोइंगचा वार्षिक सारांश घेतलात तर आणखी गोंधळाल. त्यात १९५९ पासूनची जेट विमाने आहेत, पण सोव्हिएत बनावटीची नाहीत, पंख्याची म्हणजे टर्बोप्रॉप नाहीत, आणि घातपात, अपहरण किंवा लष्करी मारा असेल तर तोही नाही. २०१४ साली युक्रेनवर पाडलेल्या एमएच १७ मधली २९८ माणसे तुम्हाला तिथे सापडणार नाहीत. तुमच्या यादीतले विन्येदोचे एटीआर विमानही नाही, कारण ते टर्बोप्रॉप. आयाटाच्या २०२३ च्या खात्यात मृत्यू ७२, आणि ते सगळेच्या सगळे पोखऱ्याच्या येती एअरलाइन्सच्या एटीआरमधले. बोइंगच्या पद्धतीने मोजले तर त्यातला एकही धरला जात नाही.

शंकासुर

थोडक्यात, ज्याला जे दाखवायचं ते दाखवता येतं. संपला धागा. 😀

जुनाट_रेडिओ

शंकासुरा, इतके सोपे नाही ते. विमानाच्या बनावटीत, देखभालीत, वैमानिकाच्या प्रशिक्षणात काय सुधारायचे हे शोधायचे असेल तर क्षेपणास्त्राने पडलेले विमान बाजूला ठेवावेच लागते. तिथे दोष शोधून मेकॅनिक काय करणार? प्रत्येक खाते काढणाऱ्याने आपल्या कामापुरते काढलेले असते. आपण ते उचलून भलत्याच प्रश्नाला लावतो.

आता ‘अपघात’ म्हणजे काय ते ऐका. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ मध्ये व्याख्या आहे. उड्डाणाच्या इराद्याने पहिला माणूस विमानात चढला तेव्हापासून शेवटचा उतरेपर्यंत, त्या दरम्यान कोणी दगावला, कोणी गंभीर जखमी झाला, किंवा विमानाच्या सांगाड्याला मोठी इजा झाली, तर तो अपघात. गंभीर जखमी म्हणजे, इतर निकषांबरोबर, सात दिवसांच्या आत ४८ तासांहून जास्त इस्पितळात राहावे लागलेला. मृत्यू धरायचा तो ३० दिवसांच्या आत झाला तर.

या ३० दिवसांचीच गोष्ट सांगतो. १९ जुलै १९८९, अमेरिकेतले सू सिटी. डीसी-१० च्या शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची तबकडी हवेत फुटली, तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा तोडल्या. कुठलेच सुकाणू हलेना. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जगले. म्हणजे ११२ गेले, हे कोणीही सांगेल. सरकारी अहवालात मात्र १११. एक प्रवासी ३१व्या दिवशी गेला, आणि कागदावर तो ‘गंभीर जखमी’च राहिला.

निळी_शाई

बाप रे. एका दिवसाने.

त्रैराशिक

रेडिओकाका, दंडवत. माझ्या वहीत सू सिटीपुढे १११ लिहिलंय, आणि कंसात प्रश्नचिन्ह आहे. आज ते खोडलं.

कोपऱ्यातली_खिडकी

तुमची चर्चा छान चाललीय, पण मला विमानाची जाम भीती वाटते आणि पुढच्या महिन्यात दोन विमानं बदलून जायचंय. मृत्यू २४४ की २९७ याने मला काडीचाही फरक पडत नाही. मला एवढंच सांगा, किती घाबरू?

आळशी_मांजर

खिडकीताई, आयाटानेच २०२३ च्या आकड्यांवरून सांगितलं होतं की रोज एक विमान प्रवास केला तर जीवघेण्या अपघातात सापडायला सरासरी १,०३,२३९ वर्षं लागतील. तेव्हा निवांत जा.

शंकासुर

एक लाख तीन हजार दोनशे एकोणचाळीस! त्या शेवटच्या एकोणचाळीस वर्षांचा हिशेब कुणी केला असेल त्याला माझा नमस्कार. अख्ख्या वर्षात एकच जीवघेणा अपघात, त्यावरून काढलेला आकडा, आणि एकक स्थानापर्यंत अचूक!

बरं, आता खरा मुद्दा. ‘विमान हे सगळ्यात सुरक्षित वाहन’ हे जे घोकून घोकून सांगतात ना, तो छेदाचा खेळ आहे. ब्रिटनमधला १९९० च्या दशकाचा एक जुना तक्ता बऱ्याच ठिकाणी फिरत असतो. दर अब्ज किलोमीटरमागे मृत्यू: मोटार ३.१, रेल्वे ०.६, बस ०.४, विमान ०.०५. टाळ्या! आता त्याच तक्त्याचा दुसरा रकाना बघा. दर अब्ज प्रवासांमागे मृत्यू: बस ४.३, रेल्वे २०, मोटार ४०, विमान ११७. म्हणजे घरातून निघून मोटारीत बसणं हे विमानात बसण्यापेक्षा जवळपास तिप्पट सुरक्षित. हा रकाना विमान कंपन्या का छापत नाहीत?

कोपऱ्यातली_खिडकी

धन्यवाद शंकासुर, आज रात्रीची झोप गेली.

त्रैराशिक

थांबा थांबा. शंकासुराने दिलेले आकडे बरोबर आहेत, आणि त्याचा अर्धा मुद्दाही बरोबर आहे. विमानाला किलोमीटरने मोजणं खरंच चुकीचं आहे.

कारण धोका किलोमीटरांवर पसरलेलाच नसतो. बोइंगच्या सारांशात दीड तासाच्या उड्डाणाचे तुकडे पाडलेले असतात. अंतिम उतरण आणि धावपट्टीला टेकणं मिळून उड्डाणाचा वेळ ४ टक्के, पण जीवघेण्या अपघातांपैकी साधारण निम्मे तिथे. उलट वर एका उंचीवर सरळ चालू असतं तेव्हा वेळ ५७ टक्के आणि अपघात अगदी थोडे. त्यामुळे विमान ५०० किलोमीटर जावो की ५,०००, धोका जवळपास तेवढाच. खिडकीताईंनी किलोमीटर मोजायचे नाहीत, चढ-उतार मोजायचे. दोन विमानं बदलायची म्हणजे तीन चढ-उतार, धोका थेट विमानाच्या तिप्पट. ऐकायला भयंकर वाटतं, पण तिप्पट कशाच्या ते पुढे सांगतो.

आता शंकासुराची गफलत. मोटारीचा ‘एक प्रवास’ म्हणजे बहुतेक वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं. विमानाचा एक प्रवास शेकडो-हजारो किलोमीटरांचा. या दोन ‘एकां’ची तुलना कशी करणार? तुलना करायची तर त्याच दोन गावांमधल्या प्रवासाची. त्याच्याच तक्त्याने करू. १,००० किलोमीटर मोटारीने गेलात तर ३.१ गुणिले १,०००, म्हणजे अब्ज प्रवासांमागे ३,१०० मृत्यू. विमानाने तेच ११७. सव्वीसपट फरक.

बरोबरी कुठे होते तेही काढलं: ११७ भागिले ३.१, म्हणजे साधारण ३८ किलोमीटर. त्याहून जवळ जायचं असेल तर शंकासुर, मोटारच घे. तेवढ्यासाठी विमान मिळालं तर मला कळव.

शंकासुर

३८ किमी! मान्य. हरलो. (या फेरीपुरता.)

लंबक

तिप्पट कशाच्या ते मी सांगतो, माझा रोजचा विषय आहे. एमआयटीचे आर्नोल्ड बार्नेट अनेक वर्षं हेच मोजत आलेत. ते किलोमीटरही घेत नाहीत आणि अपघातांची संख्याही घेत नाहीत. प्रश्न साधा: डोळे मिटून एखादं विमान निवडलं आणि चढलो, तर त्यात मरण्याची शक्यता किती? १९६८ ते ७७ या काळात जगभरात साडेतीन लाख प्रवाशांमागे एक मृत्यू होता. २०१८ ते २२ मध्ये १ कोटी ३७ लाखांमागे एक. साधारण चाळीसपट सुधारणा, आणि मधल्या प्रत्येक दशकात ती होत गेली.

पण ही सरासरी आहे. याच अभ्यासात देशांचे तीन गट केलेत, आणि सगळ्यात मागे असलेल्या गटात धोका पहिल्या गटाच्या ३६ पटींहून जास्त आहे. म्हणून ‘जगात विमान प्रवास किती सुरक्षित’ या प्रश्नाला एक उत्तर देणारा माणूस मला जरा घाईतला वाटतो.

अवांतर: वर शंकासुराने टिंगल केली त्या १,०३,२३९ मागे एक बरी कल्पना आहे. आयाटाची ‘मृत्यू-जोखीम’ म्हणजे अपघातांची नुसती संख्या नव्हे. विन्येदोत विमानातले सगळे गेले, त्याला १ गुण. मुआनमध्ये १८१ पैकी १७९, म्हणजे ०.९९. चौघांपैकी एक गेला तर पाव. अशी बेरीज करून उड्डाणांच्या संख्येने भागायचं. २०२४ चं उत्तर आलं दहा लाख उड्डाणांमागे ०.०६, २०२३ मध्ये ते ०.०३ होतं. ‘एका वर्षात दुप्पट’ असा मथळा यावरून सहज करता येतो. प्रत्यक्षात एक मोठा अपघात इकडचा तिकडे झाला की हा आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो.

आळशी_मांजर

पण हल्ली एकामागून एक विमानं पडतायत, हे तर खरं ना? अक्ताउ, चार दिवसांनी मुआन, महिन्याने वॉशिंग्टनला हेलिकॉप्टरशी टक्कर, ६७ गेले. आधी असं नव्हतं.

लंबक

मांजरबाई, जुलै २०१४ आठवतोय? १७ तारखेला एमएच १७, २९८. २३ ला तैवानमध्ये ट्रान्सएशिया, ४८. २४ ला मालीमध्ये एअर अल्जेरी, ११६. आठ दिवसांत ४६२. तेव्हाही सगळे हेच म्हणत होते.

एक खेळ करा. समजा वर्षात १० अपघात होतात, आणि कुठल्या महिन्यात कुठला हे निव्वळ योगायोगावर. बारा चिठ्ठ्या करा, दहा वेळा चिठ्ठी काढा, दर वेळी काढलेली परत टाका. दहाच्या दहा वेगवेगळ्या महिन्यांत पडण्याची शक्यता किती? गणित केलं तर ०.४ टक्क्याच्या आत. सुमारे २५८ वर्षांतून एखाद्या वर्षी. बाकी प्रत्येक वर्षी कुठल्या तरी महिन्यात दोन किंवा जास्त पडणारच. आपल्याला वाटतं योगायोग म्हणजे सारखं अंतर ठेवून येणारी घटना. तसं झालं तर उलट मला संशय येईल.

निळी_शाई

हा चिठ्ठ्यांचा खेळ मुलांना करायला दिला. दहा चिठ्ठ्यांत मे तीनदा आला, धाकटा म्हणतो मे महिन्यात विमानात बसायचं नाही. 😀

शंकासुर

दुसरी फेरी. लंबक, मग ‘या विमानाला आजवर एकही जीवघेणा अपघात नाही’ अशी जाहिरात करतात, तिचं काय करायचं?

लंबक

काँकॉर्डला विचार. १९७६ ला प्रवासी सेवा सुरू, साडेचोवीस वर्षं एकही मृत्यू नाही. २५ जुलै २००० च्या सकाळी बोइंगच्या तक्त्यात तिच्यापुढे शून्य होतं, जगातलं सगळ्यात सुरक्षित जेट. त्या दुपारी पॅरिसजवळ गोनेसला एक विमान पडलं, आतले १०९ आणि जमिनीवरचे ४ गेले. संध्याकाळी तेच विमान तक्त्यातलं सगळ्यात धोकादायक.

विमान एका दिवसात बदललं नव्हतं. उड्डाणंच कमी होती, सगळ्या काँकॉर्ड मिळून सुमारे ८० हजार. एक भागिले ८० हजार म्हणजे दहा लाखांमागे साडेबारा. त्याच काळात ७३७ चा दर दहा लाखांमागे एकाच्याही खाली होता, कारण ती दिवसाला हजारो वेळा उडत होती.

आमच्याकडे यावर एक ढोबळ नियम आहे. ‘क्ष’ वेळा काही घडलं नाही, तर खरा धोका ३ भागिले ‘क्ष’ इतकाही असू शकतो असं धरून चालायचं. ८० हजार उड्डाणांत शून्य, म्हणजे दहा लाखांमागे ३७ पर्यंत काहीही असू शकतं. सकाळच्या त्या शून्याचा अर्थ एवढाच होता, आणि दुपारचा साडेबारा त्याच्या पोटातच बसतो.

बोइंग ७८७ चंही तेच, फक्त उलट बाजूने. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एआय १७१ पडेपर्यंत त्या जातीच्या विमानात एकही प्रवासी दगावला नव्हता. पण तोवर त्यांची ५० लाखांच्या आसपास उड्डाणं झाली होती. त्यामुळे तिथलं शून्य बरंच भरीव होतं, आणि एका अपघातानंतरही दर दहा लाखांमागे ०.२ च्या आसपासच राहतो.

त्रैराशिक

एआय १७१ वरून आठवलं, तिथेही दोन आकडे आहेत. विमानात २४२, त्यातले २४१ गेले. जमिनीवरचे १९ धरून २६०. ‘विमानातले मृत्यू’ मोजणाऱ्या खात्यात २४१ जातील. ते १९ जण तर कुठे निघालेही नव्हते.

आळशी_मांजर

आणि वाचलेला एकमेव प्रवासी ११ए वर होता, त्यानंतर लोक ती सीट मागायला लागले होते म्हणे!

जुनाट_रेडिओ

जागेचे काही खरे नसते. १९८५ साली जपानमध्ये जे चार जण वाचले ते शेपटीकडे बसलेले होते. अहमदाबादचा पुढे, दाराजवळ. विमान कसे आणि कशावर आदळते त्यावर सगळे. दार किती ओळी मागे आहे ते बसल्यावर मोजून ठेवा, अंधारात आणि धुरात हाताने मोजता येते. एवढे पुरे.

जपानच्या त्या अपघाताबद्दल थोडे लिहितो, कारण तो आमच्या खात्यातला आहे. जपान एअरलाइन्स १२३, १२ ऑगस्ट १९८५, ५२४ पैकी ५२० गेले. एकाच विमानाचा यापेक्षा मोठा अपघात आजवर नाही. (तेनेरिफला १९७७ मध्ये ५८३ गेले, पण ती दोन विमानांची धावपट्टीवरची टक्कर.) या ७४७ ची शेपटी सात वर्षांपूर्वी, १९७८ मध्ये, ओसाकाला उतरताना जमिनीला घासली होती. मागे हवेचा दाब अडवणारी घुमटासारखी भिंत असते, तिचा खालचा भाग बदलला. दोन भाग जोडताना मध्ये एक सलग पट्टी घालून रिव्हेटच्या दोन रांगांवर भार घ्यायचा होता. पट्टी दोन तुकड्यांत कापून बसवली गेली. वरून पाहणाऱ्याला रिव्हेट सगळे जागच्या जागी. भार मात्र एकाच रांगेवर.

त्यानंतर विमान १२,३१८ वेळा उडाले. प्रत्येक वेळी केबिनमध्ये दाब चढला, उतरला, आणि त्या एका रांगेतली भेग केसाएवढी पुढे सरकली. १२,३१८ उड्डाणे ते विमान सर्व तक्त्यांत ‘सुरक्षित’ होते. शेवटच्या दिवशी भिंत फुटली, हवेच्या झोताने उभे शेपूट उडवले, चारही हायड्रॉलिक गेले. बत्तीस मिनिटे वैमानिक झुंजले.

म्हणून आकडा शून्य दिसला की मी आधी विचारतो, रांगा किती आहेत?

निळी_शाई

काका, अंगावर काटा आला.

पण एक चांगली बाजूही सांगते. ‘विमान पडलं म्हणजे सगळे गेले’ हे चित्रच मुळात चूक आहे. अमेरिकेच्या तपास मंडळाने १९८३ ते २००० मधले तिथल्या विमान कंपन्यांचे ५६८ अपघात तपासले. विमानांत मिळून ५३,४८७ माणसं होती, त्यातली ५१,२०७ जगली. ९५.७ टक्के. अर्थात अपघात म्हणजे काकांनी सांगितलेली व्याख्या, त्यात हलकेफुलकेही आले. पण मोठी आग, मोठी मोडतोड आणि गंभीर जखमी असे तिन्ही असलेले २६ अपघात वेगळे काढले, तरी निम्म्याहून जास्त माणसं वाचली होती.

२ जानेवारी २०२४, टोक्योचं हानेदा. उतरणारं ए३५० धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. घोषणा करायची यंत्रणा बंद, आठांपैकी तीनच दारं वापरण्यासारखी, क्रूने भोंग्यावरून ओरडून लोकांना बाहेर काढलं. ३७९ च्या ३७९ बाहेर, आणि मग विमान जळून कोळसा. त्रैराशिक, तुमच्या यादीत हे नाही! तटरक्षक विमानातले पाच जण गेले.

त्रैराशिक

नाही खरं. माझी यादी मृत्यूंची, आणि प्रवासी विमानात कुणी गेलं नाही म्हणून मी ती ओळच लिहिली नव्हती. म्हणजे मीही तेच केलं, ज्याबद्दल सकाळी तक्रार करत होतो.

शंकासुर

तिसरी आणि शेवटची फेरी. मृत्यू मोजून सुरक्षितता कळत नाही असं आता तुम्हीच सगळे म्हणताय. मग मोजायचं काय?

जुनाट_रेडिओ

जे घडता घडता राहिले ते.

माझ्या नोकरीतले एक सांगतो. हवेतल्या धक्क्याने एकदा केबिन क्रूमधल्या मुलीचा घोटा मोडला. विमानाला ओरखडा नाही, पण ती चार दिवस इस्पितळात, म्हणून कागदावर रीतसर ‘अपघात’. त्याच महिन्यात रात्रीच्या तपासणीत दुसऱ्या एका विमानाच्या ब्रेकच्या नळीवरचे तारेचे विणकाम घासून उसवलेले सापडले. बॅटरीच्या उजेडात चमकले म्हणून दिसले. नळी बदलली, टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, दीड ओळ लिहिली, सकाळी विमान वेळेवर गेले. या दोन्हींतली मोठी गोष्ट कोणती, तुम्हीच ठरवा. आकडेवारीत पहिलीच आहे.

२०१७ हे वर्ष आठवते? मोठ्या प्रवासी जेट विमानांत जगभरात एकही मृत्यू नाही. सगळीकडे कौतुक झाले. त्याच वर्षी ७ जुलैच्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचे ए३२० उतरत होते. शेजारची धावपट्टी बंद, तिचे दिवे मालवलेले. वैमानिकांनी उजवीकडची टॅक्सीवे, म्हणजे विमाने धावपट्टीपर्यंत नेण्याची वाट, हीच धावपट्टी समजली. तिच्यावर चार विमाने उड्डाणासाठी रांगेत उभी, आत प्रवाशांनी भरलेली. त्यातल्या एका वैमानिकाने रेडिओवर विचारले, हा चाललाय कुठे? ए३२० पुन्हा वर उचलले गेले तोवर जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत खाली आलेले होते. रांगेतल्या मोठ्या विमानांची शेपटीच साधारण ५५ फूट उंच असते. सगळी विमाने मिळून हजाराहून जास्त माणसे होती.

मृत्यू शून्य, जखमी शून्य. २०१७ चे शून्य शून्यच राहिले.

लंबक

+१. आणि असं राहून गेलेलं लिहून ठेवायची पद्धतही एका अपघातानंतरच आली. १ डिसेंबर १९७४, टीडब्ल्यूए ५१४, वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं, ९२ गेले. नियंत्रकाने उतरायला परवानगी दिली. वैमानिकांनी ती ‘आता १,८०० फुटांपर्यंत खाली या’ अशी घेतली, पण मध्ये डोंगर होता. तपासात कळलं की सुमारे सहा आठवडे आधी युनायटेडच्या एका विमानाने तिथेच, त्याच गैरसमजातून, तो डोंगर थोडक्यात चुकवला होता. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचायची सोयच नव्हती.

त्यातून १९७६ मध्ये नासाने चालवलेली गोपनीय नोंद योजना उभी राहिली. वैमानिक, नियंत्रक, मेकॅनिक, कुणीही आपली चूक कळवावी, नाव काढून टाकतात. आणि याच अपघातानंतर अमेरिकेत विमानांना जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं. पुढे डॉन बेटमन यांच्या चमूने त्यात जगाचा नकाशाच भरला, सोव्हिएत महासंघ फुटल्यावर तिथले नकाशे विकत घेऊन. धडधाकट विमान डोंगरावर जाऊन आदळणं, हे एके काळी जेट अपघातांत सगळ्यात जास्त जीव घेणारं कारण होतं. आता ते विरळा झालंय.

शंकासुर

आणि आकडा आधीच हातात असून काहीच केलं नाही, असं झालंय की नाही कधी?

लंबक

झालंय. ऑक्टोबर २०१८, लायन एअरचं ७३७ मॅक्स, १८९ गेले. त्यानंतर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने आतल्या आत हिशेब केला: दुरुस्ती केली नाही, तर या ताफ्याच्या संपूर्ण आयुष्यात, म्हणजे चार-साडेचार दशकांत, असे आणखी सुमारे १५ अपघात होतील. तरी विमानं उडत ठेवली. दुरुस्ती येईपर्यंत वेळ आहे असं धरलं. मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं पडलं, १५७. पाच महिनेही झाले नव्हते. तो कागद बाहेर आला डिसेंबर २०१९ ला, अमेरिकन संसदेतल्या सुनावणीत.

१५ अपघात ४५ वर्षांवर पसरवले की ‘तीन वर्षांतून एक’ असं सुटसुटीत दिसतं. चिठ्ठ्यांचा खेळ त्यांनीही करून बघायला हवा होता.

शंकासुर

यावर मला बोलायला काही सुचत नाहीये. नोंद घ्यावी.

कोपऱ्यातली_खिडकी

सगळा धागा वाचला, दोनदा. कंपनीकडून तिकीट बदलून घेतलं, आता तीनऐवजी दोनच चढ-उतार आहेत. भीती गेली नाहीये. पण आधी ती पूर्ण प्रवासभर असायची, आता म्हटलं सुरुवातीची थोडी मिनिटं आणि शेवटची थोडी मिनिटं घाबरायचं, मधे झोपायचं. रेडिओकाका, दार मोजायचं ते पुढच्या बाजूचं की मागचं?

जुनाट_रेडिओ

दोन्ही. आणि त्या वेळात चपला काढून बसू नका.

त्रैराशिक

वही नीट केली. अक्ताउचे ३८ आणि काठमांडूचे १८ मुख्य यादीतच ठेवले, पुढे कारण लिहून. हानेदाची ओळ घातली: प्रवासी विमानात ०, दुसऱ्या विमानात ५. माझी बेरीज आता ३०२, आणि ती आयाटाशी का जुळत नाही ते खाली चार ओळींत लिहिलंय. मागच्या पानांवर सू सिटी ११२ केलं.

शेवटी एक नवं पान काढलं, ‘राहून गेलेले’. पहिली ओळ: ७ जुलै २०१७, सॅन फ्रान्सिस्को, ६० फूट. रेडिओकाका, तुमच्या त्या ब्रेकच्या नळीची तारीख आठवते का?

जुनाट_रेडिओ

तारीख नाही आठवत. पाऊस होता आणि बॅटरीचे सेल उतरत आले होते, एवढे आठवते.